२६, साडेसत्तावीस की २९? चाकांच्या भांडणात खरं किती आणि जाहिरात किती

मागच्या पावसाळ्याआधी माझ्या जुन्या माउंटन बाईकचं मागचं टायर अगदी गुळगुळीत झालं होतं, म्हणून जवळच्या एका दुकानात गेलो आणि "२६ चं टायर द्या" म्हणालो. त्यांनी दिलं, मी घेतलं, घरी येऊन चाक काढून बसलो तर टायर रिमवर बसेचना. घट्ट असतं तर समजलं असतं, हे उलट सैल होतं, रिमभोवती बांगडीसारखं गरगर फिरत होतं. जुन्या टायरवर २६ लिहिलेलं, नव्यावरही २६ लिहिलेलं. मग टॉर्च लावून टायरच्या कडेची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कोडं सुटलं, जुन्यावर ५०-५५९ होतं आणि नव्यावर ३७-५९०. नवं टायर साध्या लेडीज सायकलचं होतं, २६ बाय १ ३/८ म्हणतात ते.

म्हणजे दोन्ही "२६", पण रिमच्या मापात तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक.

चाकांच्या साईझचं हे सगळं प्रकरण समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण २६, २७.५ आणि २९ ही जी नावं आपण दुकानात ऐकतो ती मापं नाहीतच, ती नावं आहेत. खरं माप म्हणजे टायरवरचा तो डॅशनंतरचा आकडा. टायरची कड रिममध्ये जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. याला ईटीआरटीओ नंबर म्हणतात आणि डॅशच्या आधीचा आकडा टायरची रुंदी असतो. माउंटन बाईकमध्ये "२६" म्हणजे ५५९, "२७.५" म्हणजे ५८४ आणि "२९" म्हणजे ६२२. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी कुठल्याही दुकानात तुमची फसगत होणार नाही.

आता हे ६२२ म्हणजे काय तर रोड बाईकचं जे ७००सी चाक असतं अगदी तेच, रिमचा व्यास सेम, फक्त वर जाडजूड टायर चढवलं म्हणून नाव २९. आणि आपल्याकडची ती काळी, दांडीवाली, दूधवाल्याची सायकल असते ना, २८ बाय १ १/२ वाली, तिच्या रिमचं माप ६३५ आहे. म्हणजे "२८" ची रिम "२९" पेक्षा मोठी! दुधाच्या कॅनवाल्या सायकलची रिम लाखभर रुपयांच्या माउंटन बाईकपेक्षा मोठी असते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच टेप घेऊन मोजायला गेलो होतो.

मग २७.५ हे नाव कुठून आलं? ऐकल्यावर कुणालाही वाटणार की २६ आणि २९ च्या बरोब्बर मध्ये. वजाबाकी करून बघा. ५५९ ते ५८४, फरक २५. ५८४ ते ६२२, फरक ३८. म्हणजे हे चाक मध्ये नाहीये, ते २६ च्या बाजूला सरकलेलं आहे, आणि साधारण सव्वादोन इंची टायर चढवून बाहेरचा व्यास मोजला तर २६ चा येतो ६७१ मिमीच्या आसपास, २७.५ चा ६९६ आणि २९ चा ७३४. इंचात सांगायचं तर २६.४, २७.४, २८.९. दीड इंच वाढला असं नाव सांगतं, प्रत्यक्षात वाढ एक इंच. बरोब्बर मधलं माप हवं असतं तर ते ५९० मिमी आलं असतं, म्हणजे माझ्या रिमवर न बसलेलं ते लेडीज सायकलचं माप. या चाकाचं जुनं फ्रेंच नाव ६५०बी, फ्रान्समध्ये टूरिंग सायकलींना ते कित्येक वर्षं वापरात होतं. पण ६५०बी म्हटलं तर गिऱ्हाईकाला काहीच बोध होत नाही आणि २७.५ म्हटलं की दोघांचे गुण एकात असं चित्र आपोआप डोळ्यासमोर येतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा मार्केटिंगचा डाव हे नावच आहे.

पण थोडं मागे जाऊ, कारण २६ सुद्धा काही कुणी प्रयोगशाळेत बसून ठरवलेलं नव्हतं.

अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये जाड, बलून टायरच्या सायकली आणल्या, २६ इंची, पेपर टाकणाऱ्या पोरांना वगैरे चालतील अशा दणकट. चाळीसेक वर्षांनी, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत माउंट तमाल्पाईस डोंगरावर काही तरुण याच जुन्या भंगारातल्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुसाट यायला लागले. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली, तिचं नाव रिपॅक, कारण उतरताना मागच्या कोस्टर ब्रेकमधलं (उलटं पायडल मारून लागतो तो ब्रेक) ग्रीस इतकं तापायचं की धूर होऊन उडून जायचं आणि खाली पोचल्यावर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, परत ग्रीसने भरावा लागायचा, रिपॅक करावा लागायचा. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही सगळी मंडळी त्यातलीच. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, फिशर आणि केलीने १९७९ मध्ये धंदा सुरू केला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल आली आणि माउंटन बाईक जगभर पोचली. चाक मात्र तेच, २६. का? तर जाड टायर फक्त त्याच मापात मिळत होतं. दुसरं काही कारण नाही. जे हाताशी होतं ते वापरलं आणि पुढची तीस वर्षं तेच "स्टँडर्ड" झालं. त्यामुळे जे लोक म्हणतात की २६ हेच खरं माउंटन बाईकचं चाक आणि बाकी सगळी लबाडी, त्यांचं मला पटत नाही, आणि हे मी स्वतः २६ चालवत असून म्हणतोय.

मोठ्या चाकाला अडचण होती ती टायरची. ६२२ मापात जाड, खडबडीत टायर कुणी बनवत नव्हतं. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीने नॅनोरॅप्टर नावाचं टायर काढलं आणि तिथून २९ ची गाडी सुरू झाली. काही वर्षांतच गॅरी फिशरच्या नावाने २९ च्या सायकली विकायला आल्या. लोक हसले, कारण सुरुवातीच्या त्या सायकली खरंच जड आणि वळायला आळशी होत्या. पण त्यात चाकाचा दोष किती आणि फ्रेमचा किती हे तेव्हा फार कुणी वेगळं केलं नाही. २६ साठी आखलेल्या कोनांची फ्रेम घ्यायची, त्यात मोठं चाक घुसवायचं आणि मग म्हणायचं की मोठं चाक वळत नाही! पुढे फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाचा, ऑफसेट (तो चाक किती पुढे धरतो ते अंतर) बदलला, मागचा भाग आखूड केला, हँडल खाली आणलं, तेव्हा कुठे २९ नीट वळायला लागली.

आता मुद्द्याचं, मोठ्या चाकाने नेमका फायदा काय होतो.

हे समजायला माउंटन बाईकही नको. खड्ड्यांच्या रस्त्यावरून तुम्ही अॅक्टिव्हा आणि स्प्लेंडर दोन्ही चालवली असेल. अॅक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची, स्प्लेंडरचं १८ इंची. ज्या खड्ड्यात स्कूटर पूर्ण उतरून धाडकन आपटते त्याच खड्ड्यावरून मोटरसायकल बऱ्यापैकी निभावून नेते. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असतं, तर चाकोरीत, चिखलात, दगडात ते अडू नये म्हणून. तत्त्व हेच, दगड समोर आला की चाक मोठं असेल तर दगड चाकाला खालच्या बाजूला लागतो आणि चाक त्याच्यावर चढतं, चाक लहान असेल तर दगड जास्त समोरून लागतो आणि चाकाला मागे ढकलतो.

तत्त्व खरं आहे, शंभर टक्के. प्रश्न "किती" चा आहे, आणि जाहिरातवाले नेमका हाच प्रश्न गाळतात.

कागद पेन्सिल घेऊन करता येईल असं गणित आहे, कॉलेजात शिकवलेली त्रिज्या आणि कोसाइन एवढंच लागतं. समोर १० सेंटीमीटर उंचीचा दगड धरा, चांगला वीतभराच्या निम्मा. वर दिलेल्या बाहेरच्या व्यासांनी २६ चं चाक त्या दगडाला ४५.४ अंशाच्या कोनात भिडतं, २७.५ चं ४४.५ आणि २९ चं ४३.३. म्हणजे २६ वरून २९ वर गेलात तर जवळपास दोन अंशांचा फरक आणि २६ वरून २७.५ वर गेलात तर एका अंशापेक्षाही कमी. दुसरं उदाहरण घ्या, दोन दगडांमध्ये २० सेंटीमीटरची फट आहे, त्या फटीत चाक किती खाली जातं? २६ चं साधारण १५ मिमी, २९ चं १४ मिमी. सव्वा मिलिमीटरचा वगैरे फरक. अर्थात ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, अशी एकच फट नसते, शेकडो असतात, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेग वाचतो, थोडा थोडा हिसका कमी बसतो आणि दीड तासाच्या शर्यतीत ते सगळं जमा होतं. म्हणून शर्यतीत उतरणाऱ्या माणसाला हे दोन अंश सोन्याचे. रविवारी सकाळी टेकडीवर जाणाऱ्याला ते जाणवतात, नाही असं नाही, पण जाहिरातीत दाखवतात तसं आयुष्य बदलत नाही, आणि २६ ते २७.५ हा फरक तर डोळे बांधून सायकल दिली तर किती जणांना ओळखता येईल याची मला शंकाच आहे.

आणि फायदा फुकट मिळत नाही. परीघ जवळपास दहा टक्के वाढला की रबर तेवढं जास्त, रिमचं अॅल्युमिनियम तेवढं जास्त. आणि हे वजन चाकाच्या कडेला असतं, त्यामुळे सायकल वेगात आणताना ते जवळपास दोनदा मोजावं लागतं, एकदा पुढे न्यायला आणि एकदा फिरवायला. फ्रेमवरचे शंभर ग्रॅम आणि टायरवरचे शंभर ग्रॅम सारखे नसतात ते यामुळे. थांबून थांबून, वळणावळणांच्या चढावर परत परत वेग पकडायचा असतो तिथे ते पायांना कळतं. स्पोक लांब होतात, म्हणून तेवढ्याच हबवर मोठं चाक जरा जास्त लवतं आणि जोरात आपटलं की आउट यायची, म्हणजे चाक वाकडं फिरायची, शक्यता वाढते. गियरही बदलतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. पुढे ३२ दात्यांची चेनरिंग (पायडलपाशी चेन ओढणारं दात्यांचं चक्र) २६ च्या चाकावर आहे आणि तीच तुम्ही २९ वर लावली तर ती पायांना ३५ दात्यांसारखी जड लागते. चढावर दम लागला की लोक म्हणतात माझा स्टॅमिना गेला, अरे बाबा, गियर बदललाय तुझा.

चाक लवतं म्हटल्यावर इंडस्ट्रीने काय केलं तर हब रुंद केला. मागचा हब १४२ मिमीचा होता तो १४८ चा झाला, नाव बूस्ट, २०१४ च्या सुमारास ट्रेक या सायकल कंपनीने सुटे भाग बनवणाऱ्या एसरॅमला बरोबर घेऊन आणला. तांत्रिकदृष्ट्या कारण खरं आहे, स्पोकचा पाया रुंद झाला की चाक कडक होतं. पण परिणाम बघा, नवीन हब जुन्या फ्रेममध्ये जात नाही, नवीन फ्रेमला जुनं चाक चालत नाही, पुढचा फोर्कही ११० मिमीचा वेगळा. एका बदलाने दुसरा ओढून आणला, दुसऱ्याने तिसरा, आणि प्रत्येक वेळी ज्याच्याकडे जुनी सायकल आहे त्याचे सुटे भाग एकेक करून दुकानातून गायब. माझी खरी तक्रार इथे आहे. चाक मोठं केलं म्हणून नाही, पाच-सहा वर्षं वापरलेली उत्तम सायकल केवळ फोर्क मिळत नाही म्हणून अडगळीत जाते, ते बघवत नाही.

२७.५ चा उदय कसा झाला हेही सांगायला हवं, कारण ते फार झपाट्याने झालं. अमेरिकेतला फ्रेम बनवणारा कर्क पासेंटी याने २००७ मध्ये या मापाचं माउंटन बाईक टायर आणलं, पण पुढची चार-पाच वर्षं ते हौशी मंडळींपुरतंच राहिलं. मग मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने २७.५ वर वर्ल्ड कप शर्यत जिंकली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

त्याच वर्षी लंडन ऑलिंपिक. ही शर्यत मला या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटते. शेवटच्या वळणापर्यंत शुर्टर आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुलहावी एकमेकांना चिकटून, शुर्टरखाली २७.५, कुलहावीखाली २९. दीड तासाच्या शर्यतीनंतर कुलहावी एका सेकंदाने जिंकला. एक सेकंद! आणि तिसरा आला इटलीचा मार्को फोंताना, ज्याची सीट शेवटच्या लॅपमध्ये निखळून पडली होती आणि तो उभ्याउभ्याच पायडल मारत आला. आता यातून कुठलं चाक श्रेष्ठ ठरवणार? कुलहावी उंचापुरा गडी, शुर्टर त्याच्या मानाने बुटका, दोघांनी आपापल्या अंगाला शोभेल ते चाक घेतलं आणि फरक पडला एका सेकंदाचा. पण जाहिरातीत असं थोडंच लिहिणार. २९ विकणारा म्हणणार सुवर्ण आमचं, २७.५ विकणारा म्हणणार बघा आमचं चाक कुठवर पोचलं, आणि २६ बद्दल कुणी बोलायलाच तयार नाही, कारण तिथे विकायला नवीन काही नव्हतं.

२०१३ मध्ये जायंटसारख्या अवाढव्य कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षाच्या बहुतेक माउंटन बाईक २७.५ वर जाणार, आणि मग बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. दोन-तीन वर्षांत चांगल्या प्रतीच्या नवीन सायकलींमधून २६ जवळपास पुसलं गेलं. यात कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एकेका मॉडेलचे चार-पाच फ्रेम साईझ, त्यात तीन चाकं, प्रत्येकाचे दोन रंग, एवढा माल बनवून गोदामात ठेवणं परवडत नाही, एक माप जाणारच होतं. आणि टायरवाले, फोर्कवाले, रिमवाले सगळे एकमेकांकडे बघत असतात, मोठ्या कंपनीने तोंड फिरवलं की बाकीच्यांना जुन्या मापाचे साचे चालू ठेवण्यात रस राहत नाही. म्हणजे चार लोकांनी बंद खोलीत कट केला असं नाही, पण गिऱ्हाईकाने मागणी केली म्हणून झालं असंही मला वाटत नाही.

आणि नवीन सायकल खरंच चांगली वाटायची! २०११ च्या २६ वरून २०१५ च्या २७.५ वर बसलेला माणूस म्हणायचा, वा, काय फरक आहे. फरक होताच. पण त्या चार वर्षांत आणखी काय काय बदललं ते बघा. हँडल रुंद झालं, पुढच्या फोर्कचा कोन निवांत झाला, फ्रेम लांब झाली म्हणून उतारावर माणूस हँडलवरून पुढे पडायची भीती कमी झाली, बटण दाबून सीट खालीवर करणारी ड्रॉपर पोस्ट आली, टायर ट्यूबलेस झाले, रिम रुंद झाल्या, २०१२ मध्ये एसरॅमने एक्सएक्स१ हा गियरचा संच आणल्यानंतर पुढे एकच चेनरिंग ही पद्धत रुजली. एवढ्या सगळ्या सुधारणा एका सायकलीत एकदम आल्या आणि त्यांचं श्रेय टॉपट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्यावर, लिहिलेल्या एकाच आकड्याने घेतलं. स्वयंपाकात मीठ, तिखट, मसाला, तेल सगळं बदललं आणि सांगितलं की पातेलं नवीन आहे म्हणून आमटी झकास झाली, तसं आहे हे. त्या सगळ्या सुधारणा २६ वर बसवून बाकी सगळं सारखं ठेवून सायकल बनवली असती तर खरी तुलना झाली असती, पण तशी सायकल विकायला कुणी आणणार नव्हतं.

मग २७.५ चं पुढे काय झालं? शुर्टर स्वतः २९ वर गेला आणि २०१६ ला रिओत त्यावरच सुवर्ण घेऊन आला, कुलहावी तिथे दुसरा. मध्ये २७.५ प्लसची लाट येऊन गेली, पावणेतीन-तीन इंची फुगीर टायर, सगळीकडे तेच, आणि काही वर्षांत ओसरलीही. उताराच्या शर्यतींत, डाउनहिलमध्ये, लोक म्हणायचे २९ तिथे चालणारच नाही, मागे झुकल्यावर चाक पार्श्वभागाला घासेल, मोडेल. २०१७ मध्ये सांता क्रुझ या सायकल कंपनीच्या टीमने लूर्दच्या शर्यतीला २९ च्या डाउनहिल सायकली आणल्या, एकच गदारोळ झाला, आणि त्याच मोसमात फोर्ट विल्यमला ग्रेग मिनार २९ वर जिंकला. तिथे तिसरी सोय निघाली, पुढे २९ आणि मागे २७.५, तिला मुलेट म्हणतात. पुढचं चाक दगड चढतं, मागचं लहान असल्याने वळायला आणि मागे झुकायला जागा मिळते. शर्यतीच्या नियमात ते २०१९ पासून बसायला लागलं आणि त्याच मोसमाच्या पहिल्या शर्यतीत लोइक ब्रूनी अशाच सायकलवर जिंकला. नवीन शोध म्हणून गाजलं खरं, पण कॅनोन्डेलने १९८४ मध्ये आपली पहिली माउंटन बाईक काढली तेव्हा तिला पुढे २६ आणि मागे २४ इंची चाक होतं! आणि आता ३२ इंची चाकांचे प्रोटोटाइप दिसायला लागलेत, रिमचं माप ६८६. तेच वाद परत सुरू होणार, तेव्हा वरचं गणित ३२ साठी करून बघा, कुणाच्या सांगण्यावर जायची गरज नाही.

आता आपल्याकडच्या दुकानाचं बघू. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीला सायकल घ्यायची होती, उंची पाच फूट एक इंच, कॉलेजला जायला आणि रविवारी आमच्याबरोबर टेकडीवर यायला. दुकानात गेल्यागेल्या पहिलं वाक्य, "ताई, २९ च घ्या, आता तेच चालतंय, २६ बंद झालं." तिला बसवलं २९ वर. मी बाजूला उभा राहून बघत होतो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभी राहिली तर वरचा दांडा लागत होता, हँडल छातीपाशी येत होतं, आणि हँडल थोडं वळवून पायडल मारलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, ही मला चालवतेय, मी हिला नाही." एवढं सांगून जातं सगळं. मग तीच कंपनी, तेच मॉडेल, लहान फ्रेममध्ये २७.५ मध्ये होतं ते काढायला लावलं, आणि ती दुकानासमोरच्या गल्लीत आठ आकडा काढून आली. छोट्या फ्रेमला छोटं चाक आणि मोठ्या फ्रेमला मोठं, हे ट्रेकसारख्या काही कंपन्या आपल्या स्वस्त मॉडेलमध्येही करतात आणि मला ते या सगळ्या वादातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सहा फुटी माणसाने मात्र डोळे झाकून २९ घ्यावी, त्याला ती शोभते, त्याचं वजन दोन चाकांच्या मध्ये नीट बसतं.

दुसरं असं की पंधरा-वीस हजाराच्या सायकलीवर २९ चं स्टिकर असलं तरी ती सायकल बऱ्याचदा सोळा-सतरा किलोची असते, पुढचा सस्पेन्शन फोर्क म्हणजे नुसती स्प्रिंग, तीही दाबली की चिकटून बसणारी. चाकाने कमावलेले दोन अंश वजनाने आणि त्या फोर्कने तिथल्या तिथे गमावले. त्या पैशात हलकी फ्रेम, साधा न हलणारा फोर्क आणि चांगलं टायर मिळत असेल तर चाक २७.५ असो नाहीतर २९, मी तीच घेईन.

आणि हवा! हवेबद्दल इतकं कमी बोललं जातं की मला आश्चर्य वाटतं. पंक्चरवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर टणक होईपर्यंत हवा भरतात, पन्नास-साठ पीएसआय, आणि मग खडकाळ वाटेवर सायकल चेंडूसारखी उडते. मागच्या हिवाळ्यात मी माझ्याच सायकलवर, त्याच टेकडीच्या त्याच पायऱ्यापायऱ्यांच्या चढावर, आधी ५५ वर आणि मग ३२ वर जाऊन बघितलं. ५५ वर मागचं चाक सुट्या मुरमावर घसरून दोनदा पाय टेकावा लागला, ३२ वर टायर दगडाला धरून वर आलं, पाय न टेकता. ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिरडून सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात, पण पंचावन्नची काहीच गरज नाही. एक रुपया न घालवता मिळालेला हा फरक मला २६ आणि २९ मधल्या फरकापेक्षा मोठा वाटला.

ज्यांच्याकडे अजून २६ आहे त्यांना एवढंच सांगतो, ५५९ ची टायर अजून मिळतात, फक्त दुकानात जाताना २६ म्हणू नका, ५५९ म्हणा, आणि दुकानदाराला कळलं नाही तर जुनं टायर खांद्यावर टाकून न्या. रिम आणि स्पोकही मिळतात. अडतं ते चांगल्या एअर फोर्कपाशी (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा फोर्क), तो कुठे जुना, धड अवस्थेतला दिसला तर घेऊन ठेवा. मी तसा एक घेऊन ठेवलाय, माळ्यावर चादरीत गुंडाळून. भाचीच्या सायकलीच्या सीटखालच्या नळीवर मी मार्करने ५८४ लिहून दिलंय, परवा कॉलेजजवळ पंक्चर झालं तेव्हा तिने दुकानात तोच आकडा दाखवला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर ट्यूब घेऊन आली.